फोल्डिंग ई-सायकल रोजच्या ऑफिसला: बावधन ते विमाननगर, मधे मेट्रो

फोल्डिंग इलेक्ट्रिक सायकल घ्यायची असेल तर दुकानात रेंज नंतर विचारा, आधी वजन विचारा. एका चार्जमधे चाळीस किलोमीटर जाते का पन्नास हे सगळेच सांगतात, व्हिडिओवाले पण त्यावरच बोलत बसतात, पण रोजच्या वापरात ही सायकल चालवण्याइतकीच ढकलावी लागते, वळवावी लागते, लिफ्टमधे बसवावी लागते, पायऱ्यांवर उचलावी लागते, ऑफिसच्या कोपऱ्यात लावून संध्याकाळी परत बाहेर काढावी लागते, आणि ती तुम्हाला आवडणार का गॅलरीत धूळ खात पडणार हे नेमकं ह्या फुटकळ कामांमधे ठरतं. मला ती आवडलीये, खूपच आवडलीये, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

मी बावधनला राहते आणि ऑफिस विमाननगरला. पुणं माहिती असलेल्यांना वेगळं सांगायला नको, एक टोक इकडे एक टोक तिकडे आणि मधे अख्खं शहर. स्कूटरवर हा रूट मी वर्षानुवर्षं केलाय, सकाळी तासभर, संध्याकाळी सव्वा-दीड तास, पाऊस असला तर बोलायलाच नको, घरी पोचल्यावर मुलीशी धड बोलायची पण इच्छा नसायची. मेट्रो तुकड्या-तुकड्याने आली, मार्च २०२२ मधे वनाज ते गरवारे कॉलेज, मग ऑगस्ट २०२३ मधे रुबी हॉलपर्यंत, आणि मार्च २०२४ मधे रामवाडीपर्यंत, तेव्हा कुठे माझ्यासारख्यांचा रूट पूर्ण झाला. पण दोन्हीकडचं शेपूट राहिलंच ना. घर ते वनाज साधारण चार किलोमीटर आणि मधे चांदणी चौक, आणि तिकडे रामवाडी ते ऑफिस दोन-सव्वादोन. स्कूटर वनाजला लावली तर एकच शेपूट सुटतं, रामवाडीला उतरून परत रिक्षा शोधा, जवळचं भाडं म्हटलं की मान हलते, चालत जायचं तर नगर रोडच्या कडेने ऊन आणि धूर खात. जे वाहन इकडे चालवलं तेच सोबत गाडीत नेऊन तिकडे पण चालवता आलं तरच सगळा हिशोब बसतो, आणि ते फक्त घडी होणाऱ्या सायकलनेच जमतं.

कंपनीचं नाव देत नाही कारण ह्या साइजच्या फ्रेम थोड्याफार फरकाने वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतात, तुमच्या जवळच्या दुकानात कुठला ब्रँड असेल त्याचा काही नेम नाही, त्यामुळे नावापेक्षा काय काय आहे ते सांगते. २० इंची चाकं, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर, ३६ व्होल्ट ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी जी मधल्या जाड नळीच्या आत बसते, मागे ७ गिअर, दोन्हीकडे केबलवाले डिस्क ब्रेक, आणि सगळं मिळून वजन वीस किलोच्या आसपास. किंमत पन्नास हजारांच्या जरा आत पडली. आपल्या पुण्याच्याच ईमोटोरॅडची डूडल पण बघितली होती, तिचे ४ इंच रुंद टायर खड्ड्यांना एकदम भारी, पण ती मला रोज उचलायला जड होती. ज्यांना घरापासून ऑफिसपर्यंत थेट चालवायचीये आणि घडी फक्त गाडीच्या डिकीत टाकायला हवीये त्यांनी ती बघावी. मला उचलायची होती, म्हणून बारीक टायरवाली.

कायद्याचं आधीच सांगून टाकते कारण वॉचमनकाकांपासून ऑफिसातल्या एचआरपर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं, की ह्याला लायसन्स लागतं का. नाही लागत. मोटर पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, ब्रेक आणि रिफ्लेक्टर नीट असतील तर आपल्या नियमांनुसार ती मोटार वाहनात मोडतच नाही. म्हणजे नंबरप्लेट नाही, इन्शुरन्स नाही, आरटीओ नाही. हेल्मेट पण सक्तीचं नाही पण मी घालते आणि तुम्ही पण घाला, चांदणी चौकात डंपर शेजारून जातो तेव्हा कळतं. काही दुकानदार हळूच सांगतात की मॅडम स्पीड लॉक काढून देऊ का, पस्तीस पळेल. अजिबात काढू नका, कारण एकदा ती मर्यादा ओलांडली की कायद्याने ते वाहन झालं आणि तुमच्याकडे कागद एकही नाही, उद्या कोणाला धडक बसली तर काय कराल. शिवाय ह्या छोट्या चाकांवर पस्तीसचा स्पीड धोक्याचाच आहे.

आता चढ. सकाळी घरून निघाले की चौकापर्यंत थोडं पायडल मारायचं आणि मग पौड रोडने कोथरूड डेपोकडे उतारच उतार, ब्रेक सांभाळायचे एवढंच काम. खरी परीक्षा संध्याकाळी, दिवसभर बसून कंबर आखडलेली, खांद्याला लॅपटॉप, आणि वनाजहून वर चांदणी चौकाचा चढ. साध्या सायकलवर हा चढ रोज चढणारे लोक आहेत, त्यांना माझा मनापासून नमस्कार, पण मला चाळिशीत ते झेपणारं नाही. ह्या सायकलवर तो चढ होतो, व्यवस्थित होतो, पण एक गोष्ट कळली पाहिजे, नुसतं थ्रॉटल पिळून बसलात तर नाही होणार. हब मोटर चाकातच बसलेली असते, तिला सायकलच्या गिअरचा काही उपयोग नाही, चाक हळू फिरलं की ती पण हळू फिरते आणि हळू फिरताना तिची ताकद कमी आणि गरम होणं जास्त. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच दोन-तीन गिअर खाली टाकायचे, पाय चालू ठेवायचे आणि वेग बारा-चौदाच्या खाली जाऊ द्यायचा नाही. पाय पण काम करतायत आणि मोटर पण करतेय, असं असलं की घाम फुटायच्या आत तुम्ही वर असता. एप्रिलच्या संध्याकाळी मी ड्रेस न भिजता वर पोचते, ह्याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

आणि हो, छोट्या चाकाचा इथे फायदाच आहे हे मला एका मेकॅनिकदादांनी समजावून सांगितलं. तीच मोटर मोठ्या २७ इंची चाकात बसवली तर त्याच वेगाला ती हळू फिरणार, २० इंचीत जास्त फेरे घेणार, म्हणून चढावर २० इंची बरी ओढते. चढावर डिस्प्लेवरची बॅटरीची दांडी एकदम एकने कमी होते आणि वर सपाटीला आलं की परत येते, पहिल्यांदा दिसलं तर घाबरू नका, लोड आल्यावर व्होल्टेज खाली दबतं आणि लोड गेला की वर येतं, एवढंच आहे ते. बॅटरी किती उरली हे बघायचं तर सपाटीला, पायडल थांबवून बघायचं.

सेन्सरबद्दल पण लिहायला पाहिजे कारण दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या सायकलींमधे केडन्स सेन्सर असतो, पायडलच्या अ‍ॅक्सलजवळ एक चकती आणि त्यावर बारीक लोहचुंबक, पायडल फिरतंय का नाही एवढंच त्याला कळतं, तुम्ही किती जोर लावताय ते नाही. म्हणून पायडल अर्धा फेरा फिरल्यावर मोटर जागी होते आणि थांबवल्यावर पण क्षणभर ढकलत राहते. गर्दीत, सिग्नलला बाइकच्या मागे मुंगीच्या गतीने सरकताना हे त्रासदायक आहे. उपाय सोपा आहे, ब्रेकच्या दांड्यात कटऑफ असतो, ब्रेक किंचित दाबला की मोटर तात्काळ बंद, म्हणून गर्दीत दोन बोटं कायम ब्रेकवर आणि असिस्ट, म्हणजे मोटरच्या मदतीची पातळी, एकवर. सुरुवातीला बिल्डिंगच्या पार्किंगमधे चकरा मारून हे हाताला बसवून घ्या, मगच रस्त्यावर जा. टॉर्क सेन्सरवाली परवडत असेल तर डोळे मिटून ती घ्या, तुम्ही जेवढा जोर लावाल त्या प्रमाणात ती साथ देते, चालवायला फार छान वाटते. माझ्या बजेटमधे घडीची आणि टॉर्क सेन्सरवाली एकत्र मिळाली नाही.

मेट्रोबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. पुणे मेट्रोत सायकल नेता येते, वेगळं तिकीट नाही. पण मी घडी घालूनच नेते कारण तीन डब्यांची गाडी, त्यात उभी सायकल लावली की दोन माणसांची जागा जाते आणि लोक बघतात. वनाजला खाली रस्त्यावरून लिफ्टने वर, मग सिक्युरिटी, पर्स आणि लॅपटॉपची बॅग मशिनमधे आणि सायकल बाजूने, तिथल्या ताईंनी पहिल्या वेळी सगळीकडून हात फिरवून बघितली, बॅटरी कुठाय विचारलं, आता त्या लांबूनच म्हणतात, "या ताई, ह्या बाजूने या." नेहमीच्या अरुंद गेटमधून सायकल जात नाही, व्हीलचेअरसाठी जे रुंद गेट असतं तिथून जायचं. सरकत्या जिन्यावर सायकल घेऊन कधीच चढू नका, चाक अडकलं किंवा हात सुटला तर मागच्या माणसाच्या अंगावर वीस किलो. लिफ्टसमोर आजी-आजोबा किंवा व्हीलचेअर असेल तर त्यांना आधी जाऊ द्यायचं हे काय सांगायला नको, आणि सकाळी रांग मोठी असली की मी जिन्याने जाते. वजनाचं जे मी सुरुवातीला म्हटलं ना, ते इथे. दोन मजल्यांच्या पायऱ्या, डाव्या हातात वीस किलो, उजव्या खांद्यावर लॅपटॉप. जमतं, पण मधल्या लँडिंगवर एकदा खाली ठेवावीच लागते. पंचवीस किलोची असती तर मी महिन्याभरात सोडून दिली असती, खात्रीने सांगते.

बॅटरी काढून पाठीच्या सॅकमधे टाकली की दोन किलो हातावरून पाठीवर जातात, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. लंडनची ब्रॉम्प्टन कंपनी आहे ना, अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने १९७५ पासून जिच्या डिझाइनवर काम सुरू केलं ती घडीची सायकल, तिच्या इलेक्ट्रिक मॉडेलला बॅटरी पुढच्या सुट्या बॅगेत असते, बॅग काढून खांद्याला अडकवायची आणि सायकल हातात. मला ते फार हुशारीचं वाटतं. माझ्या सायकलला बॅटरी मधल्या नळीत आहे आणि ती बाहेर काढायला आधी घडी अर्धी उघडावी लागते, म्हणजे घाईच्या वेळी ते होतच नाही. ब्रॉम्प्टनची किंमत माझ्यासाठी नाही, पण घ्यायच्या आधी बॅटरी कुठून निघते आणि घडीच्या कुठल्या अवस्थेत निघते हे स्वतःच्या हाताने काढून बघा.

घडी घालायचं तंत्र हाताला बसलं की अर्ध्या मिनिटाचं काम. आधी डावं पायडल खाली आणि जरा मागे न्यायचं, नाहीतर पुढचं चाक येऊन त्यावर आपटतं, मग दोन्ही पायडल दुमडायची, हँडलच्या नळीचा खटका सोडून हँडल बाजूला पाडायचं, मधला खटका सोडायचा, पुढचा अर्धा भाग आपल्याकडे ओढायचा की दोन्ही चाकांजवळचे लोहचुंबक टक करून चिकटतात. सीट मात्र मी शेवटपर्यंत खाली करत नाही. सीट वर ठेवून तिला धरून पुढे ढकललं की घडी घातलेली सायकल स्वतःच्या दोन चाकांवर ट्रॉलीबॅगेसारखी चालते, प्लॅटफॉर्मवर आणि ऑफिसच्या लॉबीत उचलायची गरजच नाही. दुकानात हे नक्की करून बघा, काही सायकली घडीत नीट गडगडत नाहीत, वाकड्या जातात, त्या सोडून द्या. सीटच्या दांड्यावर माझ्या उंचीला पांढऱ्या पेंटची रेघ मारून ठेवलीये म्हणजे रोज अंदाज घ्यायला नको.

वनाज आणि रामवाडी दोन्ही शेवटची स्टेशनं, हे माझं नशीब. गाडी रिकामी मिळते, डब्याच्या टोकाचा कोपरा मिळतो, सायकल आडवी लावून तिच्याजवळ बसता येतं. सिव्हिल कोर्टला स्वारगेट-पीसीएमसी लाइनची माणसं बदलून येतात तेव्हा डबा भरतो, पण तोपर्यंत मी बस्तान मांडलेलं असतं. तुम्ही मधल्या स्टेशनवरून, नळ स्टॉपहून वगैरे, सकाळी नऊ-साडेनऊला चढणार असाल तर एक-दोनदा नुसतंच जाऊन गर्दी बघून या आणि मगच पैसे घाला.

चेनचं तेल हा बायकांच्या कपड्यांचा शत्रू. ब्रॉम्प्टनच्या घडीत चेन दोन चाकांच्या मधे जाते, ह्या पद्धतीच्या घडीत ती बाहेरच्या बाजूला राहते, आणि डब्यात शेजारी कोणीतरी पांढऱ्या पँटमधे उभं असतंच. मी कोथरूडला एका बॅगवाल्या शिंपीकाकांकडून रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं, त्यांनी दुकानात सायकलची घडी घालायला लावून टेपने माप घेतलं, खाली मोकळं ठेवलं म्हणजे चाकं जमिनीला टेकतात, आणि वरून सीटसाठी एक भोक त्याला वेल्क्रोची झडप. ऑफिसमधे पण हे कव्हर घातलं की ती एक मोठी बॅग दिसते आणि अॅडमिनवाले काही बोलत नाहीत, पँट्रीच्या मागच्या कोपऱ्यात तिची जागा ठरलीये. टेबलाखाली मावते असं जाहिरातीत दाखवतात, २० इंचीच्या बाबतीत विसरा, घडी घालून पण ती साधारण मोठ्या सुटकेसएवढी होते. ओढणीचं म्हणाल तर चालवताना कमरेला गाठ मारायची, दुसरा मार्ग नाही, आणि सलवारीच्या उजव्या पायाला रबरी पट्टी.

पंक्चर. हा ह्या सायकलचा खरा दुखरा भाग आहे आणि कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. पुढचं चाक साधं, ते कोणीही काढतं. मागच्या चाकात मोटर, तिची वायर, जाड नट, आत फिरू नये म्हणून खाचेचे वॉशर, आणि गिअरचा हँगर. पहिल्या दुकानातला मुलगा बघूनच म्हणाला, "मॅडम, ह्यात करंट आहे, मी हात नाही लावत." पुढे पौड रोडलाच एक वयस्कर चाचा बसतात, त्यांनी सायकल उलटी केली, चाकाकडे दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाले, चाक कशाला काढायचं, एकाच बाजूने टायर उघडू. टायरची एक कड लिव्हरने रिमबाहेर घेतली, खिळा होता त्याच जागेची ट्यूब तेवढी बाहेर ओढली, घासली, सोल्यूशन, पॅच, परत आत. चाक जागचं हललं नाही आणि वायरला स्पर्श झाला नाही. मी त्यांना मुद्दाम जास्त पैसे देत होते, त्यांनी घेतले नाहीत. ट्यूबच बदलायची असेल तर मात्र चाक काढावं लागतं, त्यासाठी मोटरच्या नटाला बसेल असा पाना आणि वायरचा कनेक्टर कुठे सुटतो हे माहिती पाहिजे. कनेक्टरवर बाण असतो, दोन बाण समोरासमोर आणून सरळ ओढायचा आणि सरळच दाबायचा, पिळायचा नाही, आतले पिन वाकतात. आता ट्यूबमधे सीलंट भरून घेतलंय, बारीकसारीक काटे-खिळे त्यातच निभावतात. आणि हवा आठवड्याला बघायचीच, टायरवर जेवढी लिहिलीये त्या मर्यादेत, कमी हवेने खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि दोन समांतर भोकं पडतात.

खड्ड्यांचं काय सांगायचं, छोटं चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा जास्त खोल उतरतं, आणि सस्पेन्शन नाही. मी सीटखाली स्प्रिंगवाला दांडा बसवून घेतला, कमरेला बराच आराम पडला पण वजन थोडं वाढलं. स्पीडब्रेकरवर पायडलवर उभं राहायचं, हँडल घट्ट आवळून धरायचं नाही. आणि ह्याच धक्क्यांनी मधल्या खटक्यात हळूहळू ढिलेपणा येतो. महिन्यातून एकदा तरी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवून बघा, मधल्या बिजागरीत किंवा हँडलच्या खाली कट-कट जाणवली तर खटक्याचा बोल्ट अॅलन कीने थोडा आवळा. खटका बंद करताना तळव्याने जोर लावावा लागला पाहिजे, बोटाने सहज बंद होत असेल तर तो ढिला आहे. त्यावरची छोटी सेफ्टी कडी लागलीये का हे निघताना रोज बघायचं, ह्यात कंटाळा नको, अख्ख्या सायकलचा भार त्या एका सांध्यावर आहे. घडीच्या जागी केबल आणि वायर वळतात तिथे पण नजर असू दे, माझ्या एका केबलचं आवरण तिथेच घासलं गेलं, त्यावर मी स्पायरल गुंडाळी घातली.

पावसाळ्यात मी रोज नेत नाही. रिपरिप असेल तर नेते, धो-धो असेल तर सरळ कॅब नाहीतर घरून काम. मोटर आणि तिला सांभाळणारा कंट्रोलरचा डबा शिंतोडे सहन करतात पण साचलेल्या पाण्यात चाकाच्या अ‍ॅक्सलपर्यंत घालायची नाही, आणि २० इंचीत अ‍ॅक्सल फारसा उंच नसतो हे लक्षात घ्या. सोबत आलेले मडगार्ड नावाला आहेत, पुढच्याला खाली रबराची झडप जोडली तेव्हा पाय कोरडे राहिले. पावसानंतर डिस्क ब्रेक किंचाळतात, चार-पाच वेळा ब्रेक मारले की थांबतात, पण डिस्कवर तेल उडू द्यायचं नाही, चेनला तेल घालताना डिस्कवर जुना कपडा टाकायचा. धुताना पाइपचा फवारा नको, ओल्या फडक्याने पुसायची. डबा ओला होऊ नये म्हणून मेट्रोत चढायच्या आधी चाकं पुसते, तेवढं केलंच पाहिजे.

खर्चाचं गणित एकदम सोपं. ३६ गुणिले ७.८ म्हणजे साधारण २८० वॅट-अवर, म्हणजे पाव युनिटच्या जरा वर. चार्जरमधे जाणारी गळती धरली तरी पूर्ण चार्जला एक-तृतीयांश युनिट, तीन-चार रुपये फार तर. आणि किलोमीटरला दहा वॅट-अवर धरले तर खरी रेंज पंचवीस ते अठ्ठावीस, चढ आणि माझं वजन धरून हेच येतं, सायकलच्या खोक्यावर लिहिलेले चाळीस हे सपाट रस्त्यावर सगळ्यात कमी असिस्टचे. माझं रोजचं जाऊन-येऊन बारा-तेरा होतं, एक दिवसाआड चार्ज पुरतो. बॅटरी घरी आल्या आल्या लावायची नाही, तासभर थंड होऊ द्यायची, फरशीवर ठेवून चार्ज करायची, सोफ्यावर गादीवर नाही, दाराच्या वाटेत नाही, रात्री झोपताना लावून ठेवायची नाही आणि दुसरा कुठला चार्जर वापरायचा नाही. लिथियमची आग लागायचं प्रमाण कमी असलं तरी लागली की घरात विझवता येत नाही, म्हणून ह्या सगळ्या गोष्टी मी घरात सगळ्यांना सांगून ठेवल्यात, सासूबाईंना पण. मे महिन्यात सायकल उन्हात लावून ठेवायची वेळ आली तर बॅटरी काढून सोबत. आणि परदेशातून कोणी आणून देतो म्हणालं तर नाही म्हणा, १६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी प्रवाशाला विमानात नेताच येत नाही, नुसता सांगाडा येईल आणि बॅटरी तिकडेच राहील.

घेतानाच नवीन बॅटरीची किंमत आणि ती मिळायला किती दिवस लागतात हे लेखी घ्या. मला सांगितली ती किंमत सायकलच्या जवळजवळ एक-तृतीयांश होती, आणि ती तीन-चार वर्षांनी लागणार हे गृहीत धरूनच मी हिशोब केला, तरी पण पेट्रोल, रिक्षा आणि स्कूटरच्या सर्व्हिसिंगपेक्षा स्वस्त पडतं. सर्व्हिस सेंटर तुमच्या बाजूला आहे का ते बघा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असेल तर प्रत्येक बारीक कामाला अर्धा दिवस जातो.

माझी बहीण डोंबिवलीला राहते, तिला पण हवी होती, तिला मी स्पष्ट नको म्हटलं. सकाळच्या फास्ट लोकलमधे जिथे माणसालाच आत शिरता येत नाही तिथे वीस किलोची सायकल घेऊन चढणं शक्य नाही आणि इतरांवर अन्याय पण आहे. तिची नणंद मात्र दहिसरला राहते आणि मेट्रोने अंधेरीला जाते, त्या २ए आणि ७ नंबरच्या मेट्रोत सायकलला परवानगी आहे आणि दहिसरला गाडी अजून भरलेली नसते. तिला मी घे म्हटलंय, फक्त अठरा किलोच्या वर जाऊ नको आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातल्या जिन्याने ती घेऊन एक मजला चढून बघ.